कॉइल गेली, पण सांगू नका कुणाला

…आणि वर मलाच विचारतात, "बटण चालू केलं होतंत का?" अहो, बटण! उभी हयात कारखान्यात गेली माझी, आणि मला विचारतात बटण चालू केलं होतंत का! बरं, एकानं विचारलं असतं तर सोडून दिलं असतं. पण जो येईल तो तेच! मॅनेजर आला, बटण. मेव्हणा आला, बटण. समोरचा न्हावी गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून आला, ते गिऱ्हाईकही एका गालाला फेस तसाच घेऊन त्याच्यामागोमाग आलं, आणि दोघं एका सुरात, "बटण बघितलंत का?" आणि विचारतात कसं, तर इतक्या मायेनं, की रागावायचीसुद्धा सोय नाही. उपकार आहेत हो लोकांचे, नाही म्हणत नाही मी! पण माणसाला काही अब्रू असते की नाही?

थांबा, असं मधूनच नको. तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

आमचा कारखाना बंद पडला. पंप बनवायचा कारखाना. कुलूप लागलं, आणि मी घरी बसलो. बसलो म्हणजे काय, अक्षरशः बसलो! खिडकीशी खुर्ची, खुर्चीत मी. कोण आलं गेलं बघायचं, आणि दाराची बेल वाजली की आत जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायचं, कारण येणारा पहिला प्रश्न काय विचारणार? "मग, सध्या काय?" सध्या काय! सध्या खुर्ची!

आमची ही काही बोलली नाही. बोलायची नाहीच ती, तिचा स्वभाव तसा. पण एक दिवस उठली, थेटरच्या मॅनेजरला गाठलं, लॉबीतला जिन्याखालचा कोपरा मागून घेतला, आणि पॉपकॉर्नचं मशीन आणून उभं केलं. लाल रंगाचं, चहूबाजूंनी काच, वर दिवा, आणि मध्ये टांगलेलं भांडं. भांड्यात तेल आणि मका टाकायचा, आत एक पळी गरागरा फिरते, बुडाखाली कॉइल तापते, आणि मग तडतड तडतड… झाकण उचलून पांढरंशुभ्र पीक बाहेर! चालायला लागलं हो दुकान. मी काय करायचो? मी पुड्या भरायचो. तिच्या हाताखाली. "अहो, मीठ." दिलं मीठ. "अहो, सरका." सरकलो. तक्रार नाही. खुर्चीपेक्षा बरं.

तर झालं काय, हिच्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. परगावी. हिला जाणं भाग. निघताना पिशवी खांद्याला, एक पाय रिक्षात, आणि मला म्हणते, "मशीन तुमच्यावर सोपवून जातेय हं."

तुमच्यावर सोपवून! तुम्हाला सांगतो, कारखाना बंद पडल्यापासून भाजीच्या पिशवीपलीकडे कुणी काही सोपवलं नव्हतं मला. ताठ झालो मी. म्हटलं, "तू निर्धास्त जा!" आणि वर हिनं सांगितलं, "रविवारचं लक्षात आहे ना?" रविवारचं म्हणजे, एका शाळेनं अख्खं थेटर घेतलं होतं मुलांच्या सिनेमाला, आणि प्रत्येक मुलाला एक पुडा पॉपकॉर्न, असं मॅनेजरनं त्यांना कबूल करून ठेवलेलं. मॅनेजर म्हणजे कसा, तर शब्दाला महाग माणूस. आम्ही त्याला घड्याळ म्हणतो. टकटक करतो, पण बोलत नाही. तो एवढंच म्हणाला होता, "रविवारी चुकलं, तर कोपरा वेफर्सवाल्याला." बस्स. आणि तो वेफर्सवाला असा निर्लज्ज, की माझ्यादेखत येऊन टेपनं कोपरा मोजून गेला! मी मशीनला टेकून उभा, तर मला म्हणतो, "काका, जरा पाय घ्या." माझ्याच दुकानात मी पाय घेतला!

आता दुसऱ्या दिवशी सकाळचं ऐका. आमची आई माझ्या आधीच किल्ली घेऊन थेटरवर गेलेली. म्हणे कोपरा झाडून घेते. आईला घासण्यापुसण्याचं वेड. घरात जे हलत नाही ते ती घासते. एकदा दुपारी मला खुर्चीत डुलकी लागली, तर जागा झालो तेव्हा पायातल्या चपला धुऊन निघालेल्या, आणि पायही अर्धे! असो. तर मी पोचलो, बघतो तर मशीन कसं लखलखीत! भांड्यात माझं तोंड दिसत होतं. म्हटलं, बघा, जाता जाता घासूनपुसून ठेवून गेली माझ्यासाठी, याला म्हणतात बायको! भरून आलं मला. त्या भरात तेल टाकलं, मका टाकला, बटण दाबलं… हो, दाबलं, दाबलं बटण!… आणि फट्ट! जरासा धूर, कसलासा वास, आणि लॉबीतले सगळे दिवे गेले.

मॅनेजर आला, मेन स्विच वर केला, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, गेला. मी पुन्हा मशीन लावलं. दिवा लागला. पळी फिरायला लागली. म्हटलं वाचलो! वाट बघतोय, वाट बघतोय… पळी फिरतेय, मका फिरतोय, तेल फिरतंय, आणि भांड्याला हात लावावा तर गार! गार म्हणजे मडक्यासारखं गार! मक्याची नुसती प्रदक्षिणा चाललेली, तड नाही की तडतड नाही.

आई मागून म्हणते, "दमलं असेल रे. जरा बसू दे त्याला." मशीनला! मला कधी म्हणाली नाही!

पहिला विचार काय आला माहितीये? रविवारचा नाही, वेफर्सचा नाही. पहिला विचार, हिला काय सांगू? तिनं एक वस्तू सोपवली. एक! आणि तिची रिक्षा वळणावर दिसेनाशी होऊन पुरता एक दिवसही झाला नव्हता, तर ती वस्तू मी मारून बसलो. म्हटलं, हिला कळता कामा नये. ती यायच्या आत दुरुस्त. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून गुपचूप मेव्हण्याला फोन केला. हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळं येतं. पुरं काहीच येत नाही, पण सुरू करायला सगळं येतं! आला तो मोबाइलवर व्हिडिओ बघतच. म्हटलं, "हे बघ, ताईला सांगू नकोस." तर छातीवर हात ठेवून, "दाजी, मी? माझ्या तोंडातून? मेलो तरी नाही!" आणि बसला मांडी घालून. आधी प्लग बदलला. भांडं गार. फ्यूज बदलला. भांडं गार. मग म्हणाला, "दाजी, बटणच खराब आहे, मी म्हणालो होतो ना!" आणि तिन्ही बटणं उचकटली. लोकांचे दुरुस्तीनंतर स्क्रू उरतात. आमचे कमी पडले! मग त्यानं स्टुलाचे काढून मशीनला लावले. आणि सगळं जोडल्यावर काय, तर तापायचं बटण दाबलं की दिवा लागतो, दिव्याचं दाबलं की पळी फिरते, आणि पळीचं दाबलं की काहीच होत नाही. आणि मेव्हणा खूश! "बघा दाजी, प्रगती आहे!" आणि मी स्टुलावर बसायला गेलो तो थेट जमिनीवर.

रजा टाकून आला होता बिचारा. दिवसभर जेवला नाही. उपकार आहेत हो लोकांचे, नाही म्हणत नाही मी!

संध्याकाळी हिचा फोन. "कसं चाललंय?" म्हटलं, "ठणठणीत!" "मशीन?" "ठणठणीत!" "काही अडचण?" "छे! कसली अडचण?" आणि पलीकडून… नुसतं फुसफुस फुसफुस. म्हटलं, "काय गं, रडतेस का?" म्हणे, "नाही हो, सर्दी झालीये."

मग गाठलं मास्तरांना. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, शाळेत विज्ञान शिकवायचे, आता आम्हाला शिकवतात. त्यांनाही आधी शपथ घातली. "मास्तर, आमच्या घरात कळू देऊ नका." मास्तर म्हणाले, "विज्ञानात गुप्ततेला महत्त्व असतं." मला वाटतं नसतं, पण मी म्हटलं बरं. मशीनसमोर उभे राहिले, हात मागे बांधून, अगदी वर्गातल्यासारखे. "आता मला सांगा, दिवा लागतो?" लागतो, सर. सर म्हणालो मी, बघा! "मोटर फिरते?" फिरते. "म्हणजे वीज मशीनपर्यंत येते?" येते. "तरी भांडं तापत नाही. म्हणजे दोष कुठे?" मी खाली मान घातली. मेव्हण्यानं बोट वर केलं. "दिव्याचा, मोटरचा आणि कॉइलचा संसार वेगवेगळा! एका घरात तीन भाऊ, तीन चुली. दोघांच्या चुली पेटल्या, तिसऱ्याची विझली. तर आपण तिसऱ्याच्याच दारात जायचं!" वा! म्हटलं, आता कळलं. पण मास्तर थांबतील तर मास्तर कसले? तिथून निघाले ते वीज कुणी शोधली, कशी शोधली, तेव्हा पाऊस होता का… तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून आमच्याकडे तोंड करून ऐकायला लागली. सिनेमा सुरू झाला तरी कुणी आत जाईना! शेवटी घड्याळ बाहेर आलं, तेव्हा शाळा सुटली.

पण म्हातारा माणूस, गुडघे दुखतात, तरी मशीनपाशी बसून त्यांनी बटणांच्या वायरी पुन्हा जिथल्या तिथे लावून दिल्या. जाताना मला म्हणाले, "तुम्ही वायरी धरल्यात छान. हात स्थिर आहे तुमचा." किती दिवसांनी कुणीतरी माझ्या हाताबद्दल बरं बोललं! घरी जाईपर्यंत मी स्वतःचे हातच बघत होतो.

मग तिसऱ्या भावाच्या दारात, म्हणजे गिझरवाल्या बाईंकडे. बाजारात त्यांचं दुकान. गिझर, इस्त्री, हीटर, जे जे तापतं ते ते बाई बरं करतात, आणि आणणाऱ्याला तापवतात. भांडं काखेत मारून गेलो. आई म्हणाली, "मी पण येते." म्हटलं, "तू कशाला?" म्हणे, "सहज." बाईंनी भांडं उलटं केलं, बुडाचा पत्रा खोलला, आणि सुरू, "कधीपासून?" काल सकाळपासून. "आवाज झाला?" झाला. "वास?" आला. "आणि मग तुम्ही परत चालू केलंत? शाबास! इस्त्रीवाले शहाणे म्हणायची वेळ आली!" मग मीटर काढला. मला समजावलं, की कॉइलच्या दोन टोकांना या दोन तारा लावायच्या. आतली तार सलग असेल तर मीटर पीं करतो. तुटली असेल तर गप्प. लावल्या तारा…

गप्प.

पुन्हा लावल्या. गप्प! घरात कुणी गेल्यावर पसरते तशी शांतता. बाई म्हणाल्या, "गेली." मी म्हटलं, "कोण?" म्हणे, "कॉइल हो! आतून तुटलीये. ही दुरुस्त होत नाही, नवीनच टाकायची." आणि मग माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी पोलिसांत नोकरी आहे. "भांडं पाण्यात बुडवलं होतं का?"

"मी?" मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे असलं कुणी करणार नाही! हे भांडं फक्त ओल्या फडक्यानं पुसायचं, हे आमच्या हिनं बजावून ठेवलंय!"

आणि आई माझ्या मागून म्हणते, "कोण बुडवेल हो पाण्यात! माणसाला काही अक्कल असते!"

बाईंनी एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि भांडं गुंडाळून दिलं. म्हणाल्या, "या मापाची माझ्याकडे नाही. मागवते, पण सोमवारशिवाय येणार नाही." सोमवारी! वेफर्सवाला रविवारी उघडणार, माझी कॉइल सोमवारी येणार! वरात निघून गेल्यावर घोडं! तरी म्हटलं, "बाई, एक विनंती, आमच्या घरी…" त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. "डॉक्टर पेशंटचं बाहेर बोलतो का?" आणि तपासायचं काही घेतलं नाही. उलट दुकान बंद करून दोन चार ठिकाणी स्वतः जाऊन विचारून आल्या. उपकार आहेत हो लोकांचे, नाही म्हणत नाही मी…

आणि सगळा आठवडा माझं काय चाललेलं? सकाळी उठायचं, दाढी करायची, निघायचं. या दुकानात, त्या गल्लीत, भंगारवाल्याकडे, हॉटेलांच्या मागच्या दारी… "कॉइल आहे का, अशी गोल, एवढी?" दोन्ही हातांनी माप दाखवत फिरतोय, हात तसेच हवेत धरून, माप चुकायला नको म्हणून! लोक वाट सोडायचे. संध्याकाळी मेव्हणा, मास्तर, बाई, सगळे जिन्याखाली जमायचे, भांड्याभोवती बसायचे, वाद घालायचे. मेव्हण्यानं शेगडीची कॉइल आणली, ती भांड्यापेक्षा मोठी. मास्तरांनी हिशोब मांडून जी मागवली, ती हिशोबाला तंतोतंत आणि भांड्याला लहान! मी भांडतोय, ओरडतोय, हसतोय… खुर्ची? खुर्चीची आठवणही नाही!

आणि रोज हिचा फोन. "कसं आहे?" ठणठणीत! रोज तिची सर्दी वाढलेली.

शनिवार उजाडला. आम्ही सगळे मशीनभोवती, तोंडं उतरलेली. मॅनेजर दारात. वेफर्सवाला टेप घेऊन तयार. मी ठरवलं, आज खरं सांगून टाकायचं हिला. फोन काढला, नंबर लावला… आणि रिंग वाजली ती लॉबीतच!

वळून बघतो तर ही! पिशवी खांद्याला, फोन हातात, उभी. "बोला," म्हणाली, "ठणठणीत ना?"

मी फोन कानाला तसाच धरून. ही सरळ पुढे आली, "सरका," म्हणाली. सरकलो. पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, आणि उलगडलं तर… कॉइल! नवीकोरी! "मशीन जिथून घेतलं त्यांची शाखा आहे ताईच्या गावात. त्यांना मॉडेल सांगितलं, त्यांनी काढून दिली." एका फोनचं काम! आम्ही अख्खा आठवडा गाव पालथं घातलं आणि मशीन जिथून घेतलं तिथे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही! गिझरवाल्या बाईंनी मीटर लावला… पीं! असा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मेव्हण्यानं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीसुद्धा.

मी म्हटलं, "पण… तुला सांगितलं कुणी?"

मेव्हणा छताकडे बघतोय. मास्तर चष्मा पुसतायत. ही म्हणाली, "यानं पहिल्याच दिवशी केला फोन. म्हणे, ताई, दाजींना सांगू नकोस. मास्तरांनी केला, म्हणाले, गुप्त ठेवा. बाईंनी केला, पेशंटच्या नातेवाइकांना कल्पना द्यावी लागते म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी केला." घड्याळ! जो दोन शब्द बोलत नाही, त्यानं परगावी फोन केला! "न्हाव्यानं केला. त्याच्या त्या गिऱ्हाईकानं पण केला, मी त्यांना ओळखतसुद्धा नाही! पण सगळ्यांत पहिला फोन आईंचा."

आई! आई तोवर पदरानं मशीनची काच पुसायला लागली होती. मग काच पुसता पुसताच म्हणाली, "सूनबाई आल्यावर तिला वाटायला नको, माझ्या माघारी सगळं काळं करून ठेवलं. म्हणून म्हटलं, घासावं जरा. साबणाच्या पाण्यात भिजत घातलं. गरम पाण्यात. चांगलं निघावं म्हणून."

"बुडवलंस? आणि मला बोलली नाहीस?"

"तू ओरडशील म्हणून."

"मी?" मी म्हटलं, "मी ओरडतो?" आणि हे असं म्हटलं, की आत सिनेमा चालू होता तो सोडून दोन माणसं बाहेर बघायला आली!

सगळे हसायला लागले. आईसुद्धा. पण मला हसू येईना, खरं सांगतो. म्हटलं, म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक, आणि मी एकटा ठणठणीत ठणठणीत करत बसलो! रोज फोनवर सर्दी म्हणजे तू हसत होतीस! त्याच दिवशी कॉइल घेऊन यायचं होतंस, मला एवढं वणवण का फिरवलंस?

तर ही मला बाजूला घेऊन गेली, जिन्याच्या कडेला. म्हणाली, "ताईला सोडून लगेच निघता येत नव्हतं, हे एक. आणि दुसरं… पहिल्या दिवशी फोन केला तेव्हा मागे किती गलका होता! तुम्ही कुणाला तरी ओरडून सांगत होतात, तसं नाही, असं धर. तुमचा तो आवाज मी कारखाना बंद झाल्यापासून ऐकला नव्हता. ताईला म्हटलं, ऐक, हे परत आले. मग म्हटलं, चाललंय ते चालू दे चार दिवस. कॉइल काय, पर्समध्ये आहेच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं तेलाचा धूर. तर म्हणे, "मशीन अजून लावलंय कुठे?" लाज वाटली, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ज्यांच्यापासून तोंड लपवून मी खुर्चीत झोपल्याचं सोंग घ्यायचो, तीच ही माणसं. कुणी रजा टाकली, कुणी दुकान बंद ठेवलं, कुणी दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसलं. आणि वर मला कळू दिलं नाही की त्यांना सगळं कळलंय. उपकार आहेत हो लोकांचे. नाही म्हणत नाही मी. मनापासून सांगतो, आहेत.

रविवारी पोरं आली. काय तो कल्ला! भांडं तापलं, तड… तडतड… आणि मग जो काही धडाका उडाला! मी टाकतोय, ही उपसतेय, मेव्हणा पुडे भरतोय, मास्तर पोरांना रांगेत उभं करून मका का फुटतो ते समजावतायत, आणि आईला आम्ही तिकिटाच्या खिडकीपाशी बसवलं, हाताला काही ओलं लागणार नाही अशा बेतानं. एक पोर रिकाम्या हातानं आत गेलं नाही. वेफर्सवाला आला, बघत राहिला, शेवटी त्यानंही एक पुडा घेतला, आणि म्हणाला, "काका, मीठ जरा जास्त हवं होतं." म्हटलं, "जरा पाय घ्या." मॅनेजर आला. मशीनकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. म्हणाला, "चालू ठेवा." बस्स! त्याच्या मानानं भाषणच झालं ते.

सोमवारी ही परत गेली, बहिणीचे टाके निघायचेत अजून. पुन्हा एक पाय रिक्षात, पिशवी खांद्याला. "मशीन तुमच्यावर सोपवलंय. आणि या वेळी काही झालं तर मला सांगा हं." म्हटलं, "सांगेन, नक्की सांगेन, पहिला फोन माझा!"

कसला पहिला! काल दुपारी दुकानात मला एक शिंक आली. एक! नीट पुरीसुद्धा झाली नव्हती, तर फोन वाजला. हिचा. "वाफ घेतलीत का? आणि पॉपकॉर्नवर शिंकलात म्हणे!" मी मान वर करून बघितलं… मास्तर छताकडे बघतायत, मेव्हणा पुडे मोजतोय, आणि समोर न्हावी खिशात फोन ठेवतोय, त्याच्या गिऱ्हाइकाचा एक गाल फेसानं माखलेला.

उपकार आहेत हो लोकांचे, नाही म्हणत नाही मी… फक्त आता शिंकायचं झालं, तर परगावी जाऊन शिंकावं लागतं, एवढंच.